ओंडका तिथंच असू दे

स्टॅग बीटल आपल्याला दिसतो तेव्हा त्याचं बहुतेक आयुष्य सरलेलं असतं. पावसाच्या सुरुवातीला ओसरीच्या दिव्याखाली येऊन आपटणारा, तोंडापुढे शिंगांसारखे जबडे पसरलेला काळा-तांबूस भुंगा ही त्या जिवाची शेवटची अवस्था. बहुतेक जातींत ती काही आठवड्यांची किंवा काही महिन्यांची. त्याआधीचं वर्ष, दोन वर्षं, काही जातींत त्याहूनही जास्त काळ तो कुजलेल्या लाकडाच्या पोटात जाड पांढरट अळी होऊन काळोखात लाकूड खात असतो. युरोपातल्या लुकानस सर्व्हस या जातीची अळी जमिनीखालच्या कुजक्या बुंध्यात तीन ते सात वर्षं काढते आणि भुंगा झाल्यावर जेमतेम एक उन्हाळा जगते. म्हणून या भुंग्याचा अधिवास कोणता, असं विचारल्यावर 'जंगल' असं उत्तर दिलं तर ते फार ढोबळ होतं. त्याचा खरा अधिवास म्हणजे ओंडका. आडवा पडलेला, मातीला चिकटलेला, सावलीतला, ओला, बुरशीनं आतून मऊ केलेला. गोव्यातल्या रानातून, बागायतीतून आणि घराच्या मागच्या अंगणातून आपण सर्वांत सहजपणे उचलून नेतो तीही हीच वस्तू.

मादी लाकूड निवडते ते जबड्यांनी चाचपून. तिचे जबडे आखूड, जाड आणि दणकट असतात. त्यांनी ती लाकडात लहानसा खड्डा कोरते, त्यात एक अंडं घालते आणि चघळलेल्या भुश्श्यानं तो बुजवते. काही जाती ओंडक्याला लागून असलेल्या मातीत अंडी घालतात. अंडं दोन-तीन मिलिमीटरचं, फिकट. ते साधारण दोन ते चार आठवड्यांत फुटतं. अंड्याबरोबर मादी आणखी एक गोष्ट देते, आणि मला या किड्याबद्दल सर्वांत विलक्षण वाटते ती हीच. तिच्या पोटाच्या टोकाशी, अंडी बाहेर पडतात त्या वाटेजवळ, एक छोटी पिशवी असते. तिच्यात यीस्ट साठवलेलं असतं. लाकडातली झायलोज नावाची साखर आंबवू शकणारं हे यीस्ट अंड्याभोवती लागतं आणि अळीच्या पहिल्या घासाबरोबर तिच्या पोटात जातं. जपानी संशोधकांनी २०१० साली हे दाखवून दिलं. आईचं विरजण मिळाल्याशिवाय लाकूड पचवणं अवघड असतं, कारण लाकूड हे अन्न म्हणून फार गरीब आहे. त्यात नायट्रोजन जवळजवळ नाहीच. जपानच्याच डॉर्कस रेक्टस या जातीच्या अळीच्या आतड्यात हवेतला नायट्रोजन बांधणारे जीवाणू सापडले आहेत. ओंडक्यातली बुरशी, आईकडून आलेलं यीस्ट, आतड्यातले जीवाणू आणि अळी अशी सगळी मिळून एक खानावळ चालते. यातला एक जरी निघून गेला तरी अळी उपाशी राहते, भोवती लाकूडच लाकूड असलं तरी.

कुजलेलं लाकूडही सगळं एकसारखं नसतं. एका प्रकारच्या बुरशी लाकडातला सेल्युलोज म्हणजे तंतू खाऊन लिग्निन, म्हणजे त्या तंतूंना घट्ट धरून ठेवणारं द्रव्य, मागे ठेवतात. असं लाकूड तपकिरी होतं, त्याला चौकोनी भेगा पडतात आणि चोळलं तर कोरडी पूड हाताला लागते. दुसऱ्या प्रकारच्या बुरशी लिग्निनही फोडतात. ते लाकूड फिकट, पिवळसर-पांढरं, तंतुमय आणि हलकं होतं आणि बोटानं दाबलं की शिळ्या भाकरीसारखं तुटतं. बहुतेक स्टॅग बीटलच्या अळ्यांना हे दुसरं लाकूड मानवतं. ओंडक्याच्या अंगावर कडक, पंख्याच्या आकाराच्या, पट्टेदार बुरशी उगवल्या असतील तर आत पांढरी कुजवण चालू असण्याची शक्यता चांगली. ओलावा किती हवा, हे मुठीनं कळतं. आतला भुसा मुठीत आवळला तर त्याचा गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी ठिबकू नये. पाणी ठिबकलं तर आत हवा उरत नाही, अळी गुदमरते. गोळा झालाच नाही तर लाकूड सुकलंय आणि ते आता वाळवीच्या वाट्याला जाणार.

तिसरी बाब उष्णतेची. जपानात हे भुंगे घरी पाळणारे शौकीन बहुतेक जातींच्या अळ्या २० ते २५ अंश सेल्सियसमध्ये वाढवतात. सतत ३० च्या वर राहिलं तर अळ्या खुजट राहतात किंवा मरतात. आता गोव्यातला एप्रिल-मे डोळ्यांपुढे आणा. किनारपट्टीवर दुपारचा पारा ३३-३४ च्या आसपास, आणि उघड्या सड्यावर जांभा दगड तापून हात लावू देत नाही. तिथं पडलेला हातभर जाडीचा वासा वर्षभरात वाळून खडखडीत होतो. पण दाट सावलीत, ओढ्याच्या काठाला, पाचोळ्यात निम्मा रुतलेला मोठा बुंधा मे महिन्यातही आतून थंड आणि दमट राहतो. जाडी, सावली आणि मातीचा स्पर्श, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच अळी उन्हाळा काढते. यातली एक कमी पडली तर बाहेरून 'कुजलेलं' दिसणारं लाकूडही तिच्या कामाचं नसतं.

अळी दोनदा कात टाकते, म्हणजे तिच्या तीन अवस्था होतात. प्रत्येक अवस्थेत डोक्याचं टोपण एकाच मापाचं राहतं, मागचं धड तेवढं फुगत जातं. तिसरी अवस्था सर्वांत लांब, आणि भुंगा केवढा होणार हे तिथंच ठरतं, कारण पंख फुटल्यावर किडा वाढत नाही. खाऊन झालेल्या बोगद्यात अळी मागे विष्ठेचा बारीक, तपकिरी, दाबून बसवलेला भुसा सोडत जाते. ओंडका फुटला आणि आत असे भरलेले, बोटाएवढे रुंद मार्ग दिसले तर तिथं कुणीतरी राहतं किंवा राहून गेलंय, असं समजावं. पूर्ण वाढलेली अळी शेवटी लाकडात किंवा ओंडक्याखालच्या मातीत गुळगुळीत भिंतींची लंबगोल खोली करते आणि तिच्यात कोश होते. नराच्या कोशात भावी जबडे छातीपोटावर दुमडलेले स्पष्ट दिसतात. कोशातून बाहेर आलेला भुंगा आधी मऊ असतो, पाठीवरचे कवचपंख पांढरट असतात. रंग चढून कवच टणक होईपर्यंत तो खोलीतच थांबतो. काही जाती त्यानंतरही आठवडे-महिने तिथंच बसून राहतात आणि पावसानं लाकूड-माती मऊ झाली की बाहेर पडतात.

या खोलीचा काळ सर्वांत नाजूक. अळीच्या अवस्थेत ओंडका हलला तर ती नवा बोगदा खणते, निभावून नेते. कोशाची खोली फुटली, कलंडली किंवा तिच्यात पाणी शिरलं तर सावरायला वाव नसतो. कात टाकताना कोशाला वळायला गुळगुळीत भिंत लागते. ती नसली तर पंख चुरगळलेले राहतात, जबडे वाकडे होतात आणि असा भुंगा उडू शकत नाही. वर्षानुवर्षांची वाढ शेवटच्या महिन्यात वाया जाते.

जबड्यांविषयी थोडं सांगायलाच हवं, कारण लोक ओळखतात ते त्यांनाच. एकाच जातीत, एकाच ओंडक्यातून निघालेले नर इतके वेगळे असू शकतात की नवख्याला दोन जाती वाटाव्यात. पोटभर खाल्लेल्या अळीचा नर मोठा आणि त्याचे जबडे अंगाच्या मानानं कितीतरी लांब, दात्यांसह. अर्धपोटी वाढलेल्याचे जबडे आखूड, सरळ, बारीक करवतीसारखे. शरीर थोडं वाढलं की जबडे त्याच्या कितीतरी पट वाढतात. नर एकमेकांशी झुंजतात ते झाडाच्या रसाच्या जागेसाठी आणि मादीसाठी. प्रतिस्पर्ध्याच्या पोटाखाली जबडे घालून त्याला फांदीवरून उचलून फेकायचं, एवढाच डाव. लांब जबड्याच्या टोकाला जोर कमी पोचतो. ती कसर भरून काढायला मोठ्या नराचं डोकं रुंद असतं, आत स्नायूच स्नायू. तरीही बोटाला खरा चावा घेते ती मादी. तिचे आखूड जबडे लाकूड कोरायला बनलेले असतात. खाण्यासाठी मात्र दोघांकडेही जबड्यांखाली लपलेली पिवळसर-नारिंगी कुंचल्यासारखी जीभ असते. तिनं ते झाडाचा पाझरलेला रस आणि फुटलेल्या पिकल्या फळांचा गर चाटतात.

जगातला सर्वांत लांब स्टॅग बीटल, प्रोसोपोकॉइलस जिराफा, भारतात राहतो. मोठा नर जबड्यांसह १२ सेंटीमीटरच्या आसपास जातो. हीच जात आग्नेय आशियात पसरलेली आहे, आणि तिचे सर्वांत थोराड नमुने इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर मिळतात. दक्षिण भारताच्या सह्याद्रीत ओडोंटोलाबिस वंशाच्या डेलेसर्टी आणि बर्मायस्टरी या दोन देखण्या जाती आहेत. त्या जगात दुसरीकडे नाहीत.

बेटावरच्या स्टॅग बीटलकडे वळायचं कारण असं की ओंडक्यावर जगण्याचे धोके तिथं उघडे दिसतात. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे ६०० किलोमीटर दूर समुद्रात लॉर्ड हाउ नावाचं बेट आहे. सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचं उरलेलं अंग, क्षेत्रफळ जेमतेम साडेचौदा चौरस किलोमीटर. आपलं म्हादई अभयारण्य २०८ चौरस किलोमीटरचं आहे, त्यात हे बेट चौदा वेळा मावेल. या बेटावरच्या रानात लॅम्प्रिमा इन्सुलॅरिस नावाचा, धातूसारखी झळाळी असलेल्या वंशातला स्टॅग बीटल राहतो, आणि तो फक्त तिथंच राहतो. अशा बेटांवर लाकडातले किडे पोचण्याचा एक मार्ग लाकूडच असतो. पुरात वाहून आलेला, आत अळ्या असलेला बुंधा लाटांवर तरंगत जातो आणि किनाऱ्याला लागतो. एकदा पोचल्यावर मात्र वाट बंद. जे काही घडायचं ते तेवढ्या जमिनीत, तेवढ्या ओंडक्यांत.

जून १९१८ मध्ये माकाम्बो नावाची आगबोट या बेटाला घासून अडकली आणि तिच्यातले काळे उंदीर किनाऱ्यावर उतरले. पुढच्या काही वर्षांत तिथल्या पाच पक्ष्यांच्या जाती-उपजाती कायमच्या गेल्या. काडीकिड्याची एक प्रचंड जात मुख्य बेटावरून नाहीशी झाली. ती थेट २००१ साली, सुमारे २० किलोमीटरवरच्या बॉल्स पिरॅमिड या समुद्रातल्या सुळक्यावर जिवंत सापडली. २०१९ साली बेटावर उंदीर संपवण्याची मोठी मोहीम झाली. त्यानंतर २०२२ मध्ये, मुख्य बेटावरून कित्येक दशकं गायब मानलेलं लाकूड खाणारं बिनपंखी झुरळ एका वडाखाली आढळलं. ते झुरळही ओंडक्याचाच रहिवासी. लाकडात लपून राहणाऱ्यांचं नशीब असं एकमेकांशी बांधलेलं असतं.

उंदीर या किड्यांना इतके का नडतात? कारण हा भुंगा जमिनीवर हळू चालतो, उडालाच तर जड, गुरगुरत उडतो आणि त्याची पिढी बदलायला वेळ लागतो. उंदराची पिल्लं काही आठवड्यांत वयात येतात. हिशेब असा विषम असला की शिकारी जिंकतो. न्यूझीलंडच्या जिओडॉर्कस वंशातले भुंगे तर उडूच शकत नाहीत. त्यातला जिओडॉर्कस इथाजिनिस हा मोकोहिनाऊ द्वीपसमूहातल्या, एक हेक्टरही न भरणाऱ्या एका खडकावर तग धरून आहे. आजूबाजूच्या मोठ्या बेटांवर उंदीर होते, त्या खडकावर पोचले नाहीत, एवढ्यावरच तो वाचला.

पण बेट व्हायला समुद्रच लागतो असं नाही. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात कोलोफॉन वंशाचे स्टॅग बीटल डोंगरांच्या माथ्यांवर राहतात. त्यांनाही उडता येत नाही. एका शिखरावरचा भुंगा खालची तापलेली दरी ओलांडून शेजारच्या शिखरावर जाऊ शकत नाही, म्हणून डोंगरागणिक जात वेगळी झाली, आणि अशा जाती आज वीसच्या आसपास ओळखल्या जातात. दरी ओलांडता न येणं हेच त्यांचं बेट.

गोव्याकडे या नजरेनं पाहिलं की नकाशा बदलतो. चोडण, दिवाडी ही आपली नावाजलेली बेटं. पण ती खाजनांची, खारफुटीची, शेतांची बेटं. लाकूडखाऊ भुंग्याच्या दृष्टीनं गोव्यातली खरी बेटं सत्तरी, सांगे, काणकोणच्या आत आहेत. त्यांना आपण देवराई म्हणतो. सत्तरीत बांबरची निरंकाराची राय घ्या. रानटी जायफळाच्या कुळातल्या झाडांची ती दलदल आहे, झाडांची गुडघ्यासारखी मुळं चिखलातून वर येतात, आणि बाराही महिने तिथली जमीन ओली. देवाच्या राईतली काडीसुद्धा घरी न्यायची नाही, हा जुना नेम जिथं अजून पाळला जातो, तिथं पडलेलं झाड पडलेल्या जागी कुजतं. भुंग्याला हवं तेवढंच. नेम घालणाऱ्यांच्या मनात भुंगा नसेल, पण वारुळाला सातेरी देवी म्हणून हात जोडणाऱ्या या मुलखात जमिनीतल्या-लाकडातल्या जिवांशी असलेलं नातं जुनंच आहे.

देवराईच्या कुंपणाबाहेर काय असतं? बहुतेक ठिकाणी काजू, कुठे रबर, कुठे रस्ता, कुठे खाणीनं उघडी केलेली लाल माती. काजूची बागायत हिरवी दिसते, पण हंगामाआधी बोंडू आणि बिया वेचायला सोपं जावं म्हणून खालची जमीन लख्ख केलेली असते. पाचोळा ओढून जाळलेला, सुक्या फांद्या भट्टीला किंवा चुलीला गेलेल्या. तिथं मादीला अंडं घालायला एक ओंडका मिळत नाही. उडू शकणारी जात असली तरी जड अंगाची मादी किती दूर जाणार? दोन देवरायांमधलं असं पुसून काढलेलं अंतर तिला पाण्याइतकंच अडवतं.

आणि एक ओंडका पुरत नाही, हे विशेष लक्षात घ्यायला हवं. प्रत्येक ओंडका अळीच्या कामाचा असतो तो त्याच्या कुजण्यातल्या मधल्या काळात. ताजा पडलेला टणक, आत बुरशी पोचलेली नसते. फार जुना झाला की त्याची माती होते. सांवर, आंबा यांसारखी मऊ लाकडं गोव्याच्या पावसात लवकर मऊ होऊन लवकर संपतात. किंदळ, माटी ही कठीण लाकडं कितीतरी जास्त काळ टिकतात, आणि जांभा नावाच्या झाडाचं खोड तर आतून कुजायला दीर्घ काळ घेतं. म्हणजे रानात एकाच वेळी तीन प्रकारची लाकडं हवीत. नुकतं पडलेलं, निम्मं कुजलेलं आणि भुसभुशीत झालेलं, तीही मादीच्या आवाक्यातल्या अंतरावर. ही साखळी चार-पाच वर्षं जरी तुटली, तरी नंतर कितीही झाडं पडली तरी तिथं येणारी मादीच उरलेली नसते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळानं गोव्यात बरीच झाडं पाडली. रस्त्यावरची, वीजतारांवरची तर हटवावीच लागतात. पण रानाच्या आत, कुणाच्याही वाटेत नसलेली झाडं तोडून वाहून नेणं म्हणजे पुढच्या दहा-पंधरा वर्षांची खानावळ एका आठवड्यात उचलून नेणं.

यावर एक खरा आणि महत्त्वाचा आक्षेप घेतला जातो, तो आगीचा. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास वणवे लागले, नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकायला आणावी लागली. रानात पडलेलं लाकूड म्हणजे आगीला इंधन, मग ते काढायला नको का? माझं मत असं की इथं बारीक आणि जाड यांत फरक करायला हवा. आग पळते ती सुक्या पानांवरून, गवतावरून, काड्यांवरून. हाताच्या मनगटाहून बारीक असलेल्या सुक्या फांद्या तिला वेग देतात. मांडीएवढा, ओला, मातीत रुतलेला बुंधा सहजी पेट घेत नाही. मात्र एकदा आतून पेटला तर दिवसेंदिवस धुमसत राहतो, हेही तितकंच खरं, आणि विझलेला वणवा पुन्हा भडकतो तो अनेकदा अशाच धगीतून. म्हणून जाळपट्टा, म्हणजे आग अडवायला मोकळा केलेला पट्टा, मारताना जानेवारी-फेब्रुवारीत पट्ट्यातला पाचोळा आणि काटक्या काढाव्यात. मोठे ओंडके पट्ट्याच्या मधोमध असतील तर आतल्या, सावलीच्या बाजूला सरकवावेत. राहिलेल्या ओंडक्यांभोवती दोन-तीन हात जमीन झाडून घ्यावी. ओंडक्याखालचा ओला पाचोळा मात्र तसाच ठेवावा, कारण त्याच्यामुळेच खालची माती दमट राहते.

कुळागर असलेल्यांच्या हातात यातलं बरंच काही आहे. माडा-पोफळींच्या, मिरवेलींच्या सावलीत, पाटाच्या पाण्याशेजारी ओलावा आधीच असतो. कुठल्या तरी कोपऱ्यात, जिथून रोजची ये-जा नाही, तिथं कठीण आणि मऊ अशा दोन्ही लाकडांचे साली न काढलेले, निदान वीतभर जाडीचे, जमलं तर दीड-दोन वीत जाडीचे तुकडे ठेवायचे. आंबा, फणस, किंदळ चालतील. पोफळीचं किंवा माडाचं खोड यासाठी बरं नाही. ते लवकर पोकळ होतं आणि माडाच्या सडक्या खोडात गेंड्या भुंग्याची पैदास होते. काही तुकडे आडवे, निम्मे मातीत रुतवून ठेवावेत. काही उभे, हातभर ते दीड हात खोल खड्ड्यात पुरून वरचं टोक वीतभर बाहेर ठेवावं. खड्ड्यात खत, युरिया किंवा शेण घालू नये. खाली जांभ्याचा कठीण थर लागला आणि पाणी साचायला लागलं तर जागा बदलावी, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात आत हवा उरणार नाही. वाळवी आलीच तर घाबरून औषध मारू नये. ती कोरडी टोकं आधी खाते, ओला गाभा बहुधा उरतो. दर दोन-तीन वर्षांनी एखाद-दोन नवे तुकडे शेजारी ठेवायचे, जुने उपसायचे नाहीत. तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यानंतर काही दिसलं तर दिसलं. घाई असलेल्या माणसाचं हे काम नाही.

गेंड्या भुंग्याचं नाव निघालंच आहे, तर अळ्यांची ओळख सांगतो, कारण माडवाले इंग्रजी 'सी'सारखी वळलेली कुठलीही जाड पांढरी अळी दिसली की ठेचतात. शेणखताच्या खड्ड्यात, सडक्या माडाच्या खोडात मिळणारी मोठी अळी बहुतेक वेळा गेंड्या भुंग्याची. शेतातल्या मातीत मुळं खाणारी ती हुमणी. स्टॅग बीटलची अळी लाकडात किंवा लाकडाला लागून मिळते. खात्री करायची तर अळीचं मागचं टोक पाहावं. गेंड्या भुंगा आणि हुमणी यांच्या कुळात गुदद्वाराची फट आडवी असते, स्टॅग बीटलच्या अळीत ती उभी असते. साधं भिंग पुरतं. आणखी एक खूण म्हणजे स्टॅग बीटलची अळी मधल्या आणि मागच्या पायांवरच्या खरखरीत भागांनी घासून बारीक आवाज काढते. तो कानाला क्वचितच येतो, पण पायांचं ते घासणं दिसतं. ही अळी जिवंत झाडाला, मुळाला, माडाच्या कोंबाला काही करत नाही. तिला मारून बागायतीला फायदा शून्य.

दिव्याविषयी. पावसाळ्याच्या आरंभी जंगलालगतच्या घरांवर, देवळांवर रात्रभर जळणारे पांढरे प्रखर दिवे नर-मादी दोघांनाही ओढून घेतात. सकाळपर्यंत ते मांजराच्या, कोंबड्यांच्या, चाकांच्या तावडीत सापडतात. मृगापासून पहिले पाच-सहा आठवडे बाहेरचा दिवा पिवळ्या प्रकाशाचा ठेवला, वरून झाकला आणि गरज संपताच बंद केला तर बरेच वाचतात. उलटा पडलेला भुंगा काडीच्या आधारानं सुलटा करून झाडाच्या बुंध्याशी सावलीत सोडावा. आधी त्याचा वरून एक, बाजूनं एक आणि जबड्यांचा एक असे फोटो घ्यावेत. तारीख, गाव आणि जवळ कोणती झाडं आहेत एवढं लिहून ठेवलं तरी ती नोंद मोलाची होते.

पकडून डबीत ठेवणं, विकणं, कुणाला पाठवणं मात्र नको. जपाननं १९९९ नंतर परदेशी भुंग्यांची आयात मोकळी केल्यावर दरवर्षी लाखोंनी भुंगे तिथं जाऊ लागले. मोठ्या जबड्यांच्या नरांना हौशी लोक मोठी किंमत देतात. २००८ साली दार्जिलिंगजवळच्या सिंगालिला राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय कीटक गोळा करताना दोन चेक नागरिक पकडले गेले आणि त्यांच्यावर खटला चालला. अभयारण्यातून परवानगीशिवाय किडा उचलणं हा गुन्हा आहे, मग उचलणारा शास्त्रज्ञ असो की शाळकरी पोर. आणि गोळा करणाऱ्यांची रीत ओंडके फोडण्याची असते. एका नरासाठी पन्नास अळ्यांचं घर उघडं पडतं.

घर नकळतही उघडं पडतं. जुलैत रोयणीची अळमी, म्हणजे वारुळावर उगवणारी अळंबी, शोधत रानात हिंडताना पायाखाली ओंडका फुटतो, कुळागरात कुदळीचा घाव चुकून आत जातो आणि पांढरी अळी उघड्यावर येते. अशा वेळी तिला बोटांत धरू नये, तिची कातडी पातळ असते. सभोवतालच्या भुश्श्यासकट ओंजळीत घ्यावी आणि त्याच ओंडक्याच्या न फुटलेल्या भागात बोटभर खोल भोक करून डोकं आत राहील अशी ठेवावी, वर तोच भुसा हलक्या हातानं दाबावा. दुसऱ्या ओंडक्यात नेऊ नये. तिथली बुरशी वेगळी असते, आणि एका जागी दोन मोठ्या अळ्या समोरासमोर आल्या तर एक दुसरीला चावून मारते. गुळगुळीत खोलीत कोश दिसला तर त्याला हातच लावू नये. खोलीचं फुटलेलं तोंड ओल्या सालीच्या तुकड्यानं झाकून, वर पाचोळा घालून, ओंडका आधी होता त्याच कुशीवर ठेवावा. फुटलेले दोन भाग सुंभानं किंवा केळीच्या सोपानं बांधले तर आतला ओलावा टिकतो. मग दिवाळीपर्यंत तो हलवायचा नाही.